चार्जरवर अडकलेले पैसे नेमके कुठे असतात?

इलेक्ट्रिक गाडीला चार्जरची गन, म्हणजे केबलच्या टोकाचा प्लग, लावली, फोनवरून पैसे भरले, बँकेचा मेसेजही आला, आणि चार्जर मात्र ढिम्म हलत नाही. घोडबंदर रोडवरच्या मॉलचं तळघर असो, वाशी-सीवूड्समधलं पार्किंग असो, नाहीतर महापे आणि वागळे इस्टेटमधल्या ऑफिसांखालची जागा, इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना हा अनुभव नवा नाही. मग विचारणा सुरू होते. वॉचमन म्हणतो, "साहेब, मशीन कंपनीचं आहे, आमच्या हातात काही नाही." कस्टमर केअर म्हणतं, पैसे आमच्याकडे आलेले दिसत नाहीत, बँकेला विचारा. बँक म्हणते, आमच्याकडून पैसे गेले. बऱ्याचदा तिघंही खरंच सांगत असतात. प्रत्येकाला आपल्यापुरता तुकडा दिसतो आणि सगळा रस्ता कुणालाच दिसत नाही.

शे-दोनशे रुपयांसाठी कोण मागे लागणार, असं म्हणून माणूस नाद सोडतो. ज्याची गाडी रात्रभर घरच्या पार्किंगमध्ये चार्ज होते त्याला ते परवडत असेल. पण पार्सलं पोचवणारा स्कूटरवाला किंवा भाड्याची टॅक्सी चालवणारा चालक चाळीत किंवा जुन्या इमारतीत राहतो. तिथे त्याला स्वतःचं पार्किंग नाही, म्हणून मीटरला जोडलेला पॉइंटही नाही. त्याला सार्वजनिक चार्जरच हवा. त्याचे दोनशे अडकले तर दुसऱ्या अ‍ॅपमध्ये भरायला खिशात दोनशे असतीलच असं नाही, आणि गाडी उभी म्हणजे दिवसाची कमाई उभी. म्हणून ही साखळी नीट समजून घेणं मला महत्त्वाचं वाटतं. कडी कुठे तुटली हे सांगता आलं की कुणाला धरायचं तेही कळतं.

पैसा एका वाटेनं, हुकूम दुसऱ्या वाटेनं

तुम्ही पैसे भरता तेव्हा समोरच्या मशीनला त्यातलं काहीच कळलेलं नसतं. यूपीआयनं भरलेली रक्कम तुमच्या बँकेतून निघते, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयच्या यंत्रणेतून जाते आणि चार्जिंग कंपनीनं नेमलेल्या पेमेंट गेटवेकडे, म्हणजे तिच्या वतीनं ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या मध्यस्थाकडे, पोचते. गेटवे त्या कंपनीच्या सर्व्हरला कळवतो की अमुक ग्राहकाचे पैसे आले. मग तुमच्या अ‍ॅपमधल्या वॉलेटचा आकडा वाढतो. पैशाचा प्रवास इथे संपला. विजेचा अजून सुरूही झालेला नाही.

तुम्ही "चार्जिंग सुरू करा" दाबलं की कंपनीचा सर्व्हर त्या चार्जरला हुकूम पाठवतो. बहुतेक सार्वजनिक चार्जरच्या पोटात आपल्या फोनसारखंच सिमकार्ड असतं आणि हुकूम त्या सिमवर येतो. चार्जर आणि सर्व्हर यांच्या बोलण्यासाठी ओसीपीपी नावाची, जगभर वापरली जाणारी एक ठरलेली पद्धत आहे. तिची २०१५ मध्ये आलेली १.६ ही आवृत्ती आजही खूप ठिकाणी चालू आहे. हुकूम पोचला की चार्जर गाडीशी बोलतो. सीसीएस-२ प्रकारच्या जाड गनमधून होणाऱ्या जलद चार्जिंगमध्ये हे बोलणं बरंच लांबलचक असतं: गन कुलूपबंद झाली का, वायरीत कुठे गळती नाही ना, बॅटरीला किती व्होल्ट आणि किती अँपिअर हवेत. या सगळ्याला होकार मिळाल्यावरच वीज वाहू लागते.

वीज सुरू होताना चार्जर मीटरचं सुरुवातीचं वाचन सर्व्हरला कळवतो, मधूनमधून चालू वाचन पाठवत राहतो आणि थांबताना शेवटचं वाचन देतो. शेवटच्यातून सुरुवातीचं वजा केलं की युनिट निघाले. त्यांना दरानं गुणायचं, त्यावर कर लावायचा आणि तेवढी रक्कम वॉलेटमधून वजा करायची, हे बिल.

थोडक्यात, बँक, एनपीसीआय, गेटवे, कंपनीचा सर्व्हर, मोबाइल नेटवर्क, चार्जर आणि तुमची गाडी, या सगळ्यांनी काही मिनिटांत एकमेकांना "हो" म्हणायचं असतं. एकानं जरी उत्तर दिलं नाही तरी फोनच्या स्क्रीनवर तुम्हाला जवळपास एकच वाक्य दिसतं: चार्जिंग सुरू होऊ शकलं नाही. हे वाक्य मला सगळ्यात अन्यायाचं वाटतं. आत काय बिघडलं याची नोंद यंत्रणेत असते, आणि ज्यानं पैसे भरले त्यालाच ती दाखवत नाहीत.

आधी पैसे का घेतात?

पेट्रोल पंपावर आपण "पाचशेचं टाका" म्हणतो, नळीशी माणूस उभा असतो, पाचशेला तो थांबतो आणि पैसे घेऊनच गाडी सोडतो. चार्जरपाशी तसा माणूस नसतो. वीज बॅटरीत गेली की परत काढून घेता येत नाही, आणि गाडी निघून गेली तर वसुली करायची कुणाकडून? म्हणून कंपन्या आधी पैसे मागतात. केंद्र सरकारच्या चार्जिंगविषयीच्या सूचनांतही प्रीपेड पद्धतीनं पैसे घेण्याच्या सोयीचा उल्लेख आहे.

पण बिल किती होणार हे आधी कुणालाच माहीत नसतं. दहा युनिट जातील की अठरा, हे बॅटरीवर, तुमच्या घाईवर, मध्येच लाइट गेली का यावर ठरतं. यूपीआयचा आपला रोजचा व्यवहार तर ठरलेल्या रकमेचा असतो. भाजीवाल्याला ६० द्यायचे म्हणजे ६०. अंदाजे रक्कम द्या आणि उरलेली लगेच परत घ्या, अशी सोय त्या साध्या क्यूआर कोडमध्ये नाही. हे कोडं सोडवायला कंपन्यांनी वॉलेट आणलं. मोठी रक्कम आधी भरून ठेवा, लागेल तेवढी वजा होईल, बाकीची पुढच्या वेळी वापरा.

कंपनीसाठी हा तोडगा सोयीचा आहे. ग्राहकासाठी तो एकाच कंपनीपुरता बरा, आणि इथे कंपन्या अनेक आहेत. चार्जिंग म्हणजे वीज विकणं नसून सेवा देणं आहे, त्यामुळे त्याला वीज वितरणाचा परवाना लागत नाही, असं केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानं एप्रिल २०१८ मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे कुणालाही स्टेशन काढता येऊ लागलं. स्टेशनं वाढली ती त्यामुळेच, आणि अ‍ॅपही त्यामुळेच वाढले. खारघरहून ठाण्याला कामाला जाणाऱ्याच्या फोनमध्ये चार-पाच अ‍ॅप सहज असतात आणि प्रत्येकात थोडे थोडे पैसे पडून राहतात. कुठे ४०, कुठे ८५. ते चार्जिंग सुरू करायला पुरत नाहीत आणि परतही मिळत नाहीत.

कुठे तुटलं?

पैसे अडकले की सगळ्यात आधी अ‍ॅपमधलं वॉलेट उघडून बघा. रक्कम तिथे जमा झालेली दिसते की नाही, यावरून निम्मं उत्तर मिळतं.

जमा दिसत नसेल, आणि बँकेतून मात्र पैसे गेले असतील, तर कडी पैशाच्या वाटेवर तुटली आहे. इथे तुमची बाजू सगळ्यात भक्कम असते, कारण रिझर्व्ह बँकेनं २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात याची मुदत ठरवून दिली आहे. यूपीआयनं व्यापाऱ्याला पैसे भरले, तुमच्या खात्यातून गेले, पण व्यापाऱ्याकडे खात्री पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत रक्कम आपोआप परत यायला हवी. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची आहे, आणि ती ग्राहकानं न मागता. बहुतेक वेळा पैसे एक-दोन दिवसांत येतातच. नाही आले तर ज्या यूपीआय अ‍ॅपवरून पैसे भरले त्याच अ‍ॅपमध्ये तो व्यवहार उघडून तक्रार नोंदवायची. सोबत बारा अंकी यूटीआर क्रमांक द्यायचा. तो व्यवहाराच्या तपशिलात असतो आणि पैशाचा माग त्याच्यावरूनच काढतात.

"व्यवहार प्रलंबित" असं दिसत असताना लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. दोन्ही व्यवहार थोड्या वेळानं पूर्ण होऊ शकतात आणि नको तेवढी रक्कम वॉलेटमध्ये जाऊन बसते.

रक्कम वॉलेटमध्ये दिसते पण चार्जर सुरू होत नाही, ही परिस्थिती वेगळी आहे, आणि लोकांची फसगत होते ती इथेच. बँकेच्या लेखी हा व्यवहार यशस्वी आहे. व्यापाऱ्याला पैसे मिळाले, विषय संपला. वर सांगितलेली ५ दिवसांची मुदत आणि १०० रुपयांची भरपाई इथे लागू होत नाही. आता प्रश्न सेवा न मिळाल्याचा आहे आणि उत्तर चार्जिंग कंपनीनंच द्यायचं आहे. बँकेच्या शाखेत खेटे घालून उपयोग होणार नाही.

कारणं बहुधा नेटवर्कची असतात. तळघरात तुमच्या फोनला रेंज आहे म्हणजे चार्जरलाही आहे असं नाही, कारण त्याचं सिम वेगळं आणि त्याची कंपनीही वेगळी असू शकते. चार्जरचा सर्व्हरशी संपर्क तुटलेला असेल तर हुकूम पोचतच नाही. अ‍ॅपमध्ये चार्जर "उपलब्ध" दिसतो तो कधी कधी शेवटच्या माहितीवरून. म्हणून पैसे भरण्याआधी चार्जरच्या स्क्रीनकडे पाहा. चार्जर सर्व्हरशी जोडलेला असेल तर तिथे तशी खूण असते, निदान लाल दिवा किंवा "ऑफलाइन" असा शब्द तरी नसतो. काही कंपन्या कार्ड देतात, ते टेकवलं की चार्जर सुरू होतो. चार्जरच्या आत ओळखीच्या कार्डांची यादी साठवायची सोय ओसीपीपीमध्ये आहे, त्यामुळे कंपनीनं ती वापरली असेल तर रेंज नसतानाही कार्ड चालतं. ज्यांना रोज एकाच तळघरात चार्ज करायचं आहे त्यांनी अशा कार्डाची चौकशी जरूर करावी.

दुसरं कारण गाडी आणि चार्जर यांच्या बोलण्यात असतं. गन अर्धवट बसली, पावसात कनेक्टरमध्ये ओल राहिली, गाडी लॉक-अनलॉकच्या मधल्या अवस्थेत राहिली, तर ते बोलणं तुटतं. गन काढा, गाडी लॉक करून पुन्हा उघडा, मिनिटभर थांबा आणि गन नीट दाबून बसवा. गन जड असते आणि केबलच्या वजनानं खाली ओढली जाते. सुरुवातीची काही सेकंदं ती हातानं थोडी वर उचलून धरली की बऱ्याच ठिकाणी काम होतं. या टप्प्यावर वॉलेटमधून काही वजा झालेलं नसतं, कारण मीटर फिरलेलाच नाही.

चार्जिंग सुरू झालं आणि मध्येच थांबलं, हे प्रकरण सगळ्यात गुंतागुंतीचं. अनेक कंपन्या सुरुवातीला ठरावीक रक्कम राखून ठेवतात, शेवटचं वाचन आलं की हिशेब करतात आणि उरलेली रक्कम सोडतात. आता समजा पावसाळ्यात लाइट गेली आणि चार्जर बंद पडला. शेवटचं वाचन सर्व्हरकडे गेलंच नाही. सर्व्हरच्या लेखी तुमचं सेशन, म्हणजे चार्जिंगची ती फेरी, अजून सुरूच आहे. राखलेले पैसे तसेच अडकतात आणि दुसऱ्या चार्जरवर जाऊन सुरू करायला गेलात तर अ‍ॅप सांगतं, तुमचं एक सेशन आधीच चालू आहे. गाडीत आठ टक्के चार्ज उरलेल्या माणसाला हे ऐकावं लागणं फार त्रासाचं आहे.

दिलासा एवढाच की माहिती सहसा हरवत नाही. संपर्क नसताना झालेल्या सेशनच्या नोंदी चार्जरनं स्वतःकडे साठवायच्या आणि रेंज आली की पाठवायच्या, असं ओसीपीपी सांगतं. त्यामुळे काही तासांनी बिल आपोआप बंद होऊन पैसे सुटू शकतात. शिवाय ओसीपीपी १.६ मध्ये सेशन का थांबलं याच्या कारणाची जागा ठेवलेली आहे: वीज गेली, आणीबाणीचं लाल बटण दाबलं गेलं, गाडीकडून जोडणी तुटली, सर्व्हरनं दुरून थांबवलं, चार्जर पुन्हा सुरू झाला. तक्रार करताना "नोंदीतलं थांबण्याचं कारण कळवा" एवढं लिहा. समोरच्याला मग "तांत्रिक अडचण" म्हणून विषय टाळता येत नाही.

"सर्व्हरनं दुरून थांबवलं" या कारणामागे पुष्कळदा साधा हिशेब असतो, तो म्हणजे बॅलन्स संपला. समजा दर २० रुपये युनिट आहे आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे एक युनिट २३ रुपये ६० पैशांना पडलं. वॉलेटमध्ये ३०० असतील तर १२.७ युनिटला चार्जिंग थांबणार. ३० युनिटची बॅटरी २० वरून ८० टक्क्यांवर न्यायला १८ युनिट लागतात, त्याचे होतात सुमारे ४२५ रुपये. गाडी लावून वर सिनेमाला किंवा मीटिंगला जाणाऱ्यानं हा गुणाकार आधी करावा.

बिल बरोबर, तरी जास्त का वाटतं?

घरी ज्या युनिटला आठ-दहा रुपये पडतात त्यासाठी बाहेर वीस-पंचवीस का, हा रास्त प्रश्न आहे. एक कारण कराचं आहे. विजेवर जीएसटी नाही, पण चार्जिंग ही सेवा ठरल्यामुळे तिच्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. गाडी घेताना ५ टक्के आणि ती चार्ज करताना १८, असं हे चित्र आहे. अ‍ॅपमध्ये मोठ्या अक्षरांत लिहिलेला दर करासहित आहे की करावेगळा, हे सुरू करण्याआधीच पाहून घ्या.

दर वेळेनुसारही बदलतात. चार्जिंग स्टेशनला वितरण कंपनीनं सकाळी ९ ते दुपारी ४ या सौरऊर्जेच्या वेळेत वीज पुरवण्याच्या सरासरी खर्चाच्या ०.७ पट आणि बाकीच्या वेळी १.३ पट दर लावावा, असं सूत्र केंद्राच्या २०२४ च्या सूचनांमध्ये आहे. आपल्याकडे प्रत्यक्ष दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. ही सवलत तुमच्यापर्यंत किती पोचते ते कंपनीवर अवलंबून आहे, पण ज्यांना वेळ निवडता येते त्यांनी दुपारचा आणि रात्रीचा दर अ‍ॅपमध्ये एकदा ताडून पाहावा.

मग गाडीच्या स्क्रीनवर १० युनिट आणि बिलावर ११, हा फरक. साध्या एसी चार्जरवर गाडीतलं यंत्र एसीचं डीसी करतं आणि त्यात दहाएक टक्के वीज उष्णता होऊन जाते. मीटर मोजतो ती चार्जरनं दिलेली वीज, गाडी दाखवते ती बॅटरीत साठलेली. एवढ्या फरकाला चोरी म्हणता येणार नाही. तीस-चाळीस टक्के फरक आला तर मात्र सोडू नका.

काही ठिकाणी चार्ज पूर्ण झाल्यावरही गाडी तिथेच ठेवली तर मिनिटांवर आकार लागतो. मला तो योग्य वाटतो. मागे कुणीतरी ताटकळत उभं असतं. पण त्याची सूचना ठळक द्यायला हवी.

वॉलेटमधले पैसे कुणाचे?

कायद्याच्या नजरेतून पाहायचं तर एकाच कंपनीची सेवा घेण्यासाठी त्याच कंपनीनं दिलेल्या वॉलेटला बंदिस्त प्रकारचं वॉलेट मानतात. त्यातून रोख काढता येत नाही, दुसरीकडे वापरता येत नाही, आणि असं वॉलेट सुरू करायला कंपनीला रिझर्व्ह बँकेची परवानगीही लागत नाही. याचाच अर्थ, त्या वॉलेटमधल्या रकमेबद्दल रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, दाद मागायचा मार्ग बहुधा बंद असतो. तुम्ही आगाऊ पैसे भरलेले ग्राहक आहात, खातेदार नाही. यूपीआय अ‍ॅपवर जो भरवसा ठेवतो तोच भरवसा लोक या वॉलेटवर ठेवतात, त्या दोन्ही अ‍ॅपचा चेहरामोहरा सारखाच दिसतो, आणि संरक्षण मात्र फार वेगळं आहे. म्हणून माझं ठाम मत आहे की वॉलेटमध्ये एका चार्जिंगला लागेल त्याहून जास्त रक्कम ठेवू नये. "१००० भरा, ५० जास्त मिळवा" ही ऑफर त्या स्टेशनवर आठवड्याला जाणाऱ्यालाच परवडते. रक्कम परत मिळते का आणि मुदतीनंतर ती बुडते का, हे अटींमध्ये शोधा.

बिघडलेल्या व्यवहाराचा रिफंड वॉलेटमध्येच देऊ, असं कंपनी म्हणते तेव्हा एक गोष्ट ध्यानात असू द्या. पेमेंट गेटवेंसारख्या मध्यस्थांसाठी रिझर्व्ह बँकेनं जे नियम केले आहेत, त्यांत रिफंड ज्या मार्गानं पैसे आले त्याच मार्गानं परत जावा, ग्राहकानं दुसऱ्या मार्गाला मुद्दाम संमती दिली असेल तरच तो बदलावा, असं म्हटलं आहे. नकळत "ठीक आहे" म्हणू नका.

तक्रार अशी लिहा

चार्जरपाशी असतानाच चार फोटो काढून ठेवा: चार्जरवरचा क्रमांक, त्याची स्क्रीन, गाडीतली टक्केवारी आणि अ‍ॅपमधलं वॉलेट. फोनवर तक्रार केली तरी नंतर मेलवर लिहाच. भाषा साधी असू द्या, रागाची नको. उदाहरणार्थ:

"दिनांक अमुक, वेळ अमुक, चार्जर क्रमांक अमुक. मी यूपीआयनं ३०० रुपये भरले, यूटीआर क्रमांक अमुक. रक्कम वॉलेटमध्ये जमा झाली. चार्जिंग आपोआप थांबलं तेव्हा चार्जरच्या स्क्रीनवर ४.२ युनिट दिसत होते, फोटो जोडला आहे. २० रुपये दरानं जीएसटीसह त्याचे ९९ रुपये १२ पैसे होतात, परंतु ३०० रुपये वजा झाले आहेत. कृपया मीटरचं सुरुवातीचं आणि शेवटचं वाचन, तसंच नोंदीतलं थांबण्याचं कारण लेखी कळवावं आणि २०० रुपये ८८ पैसे माझ्या मूळ खात्यात परत करावेत."

उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे मराठीतही बोलता येतं. त्यांच्याकडून कंपनीला तक्रार गेली की बहुतेकदा छोट्या रकमा सुटतात. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं एक मोठी सोय केली: कंपनी बंगळूरूची असो की गुरुग्रामची, तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून २ वर्षांची. दोनशे रुपयांसाठी कुणी आयोगात जाईलच असं नाही, पण मेलमध्ये या कायद्याचा उल्लेख केला तरी उत्तराचा सूर बदलतो. बँक किंवा यूपीआय अ‍ॅपनंच दाद दिली नाही तर ३० दिवसांनंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याची माहिती १४४४८ वर मिळते.

आता सगळ्यात कळकळीनं सांगायची गोष्ट. अडचणीत असताना कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधू नका. शोधाच्या यादीत भामट्यांनी पेरलेले नंबर असतात. ते गोड बोलून फोनची स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकायला सांगतात, मग "रिफंड घेण्यासाठी" पिन टाकायला लावतात. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे जाणार. नंबर घ्यायचा तो चार्जरवर छापलेला किंवा अ‍ॅपच्या आतला. चार्जरवर चिकटवलेल्या क्यूआरबद्दलही सावध राहा. परदेशात चार्जरवर बनावट स्टिकर लावून फसवल्याचे प्रकार झाले आहेत. मूळ कोडावर दुसरा कागद डकवलेला तर नाही ना ते बोटानं चाचपा, आणि पैसे पाठवण्याआधी समोर येणारं नाव कंपनीचं आहे की कुणा व्यक्तीचं ते वाचा. फसवणूक झालीच तर विनाविलंब सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत पैसे पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.

हे असंच चालायचं का?

नाही. यातलं बरंचसं बदलता येण्यासारखं आहे, आणि साधनं आपल्याकडेच आहेत. शेअर बाजारात आयपीओला, म्हणजे कंपनीच्या पहिल्या शेअरविक्रीला, अर्ज करणाऱ्यांना माहीत असेल, यूपीआयवर रक्कम खात्यातच राखली जाते आणि शेअर मिळाले तरच वजा होते. एकदा रक्कम राखून तिच्यातून लागेल तसे पैसे वजा करण्याची सोय यूपीआयमध्ये आणण्याची घोषणाही रिझर्व्ह बँकेनं डिसेंबर २०२२ मध्ये केली होती. चार्जरवर हेच हवं: ५०० राखले, ३१० चं चार्जिंग झालं, १९० जागेवरच मोकळे झाले. पैसे शेवटपर्यंत तुमच्या बँकेत, त्यावर व्याज तुमचं, आणि वॉलेटची गरजच नाही.

युरोपीय संघानं १३ एप्रिल २०२४ पासून असं केलं की ५० किलोवॉट आणि त्याहून मोठ्या नव्या सार्वजनिक चार्जरवर कार्ड टेकवून पैसे देता आलेच पाहिजेत. सदस्य व्हा, अ‍ॅप उतरवा, ही सक्ती नाही. त्यामानानं आपल्याकडे यूपीआय घराघरात आहे, त्यामुळे हे काम आपल्याला जास्त सोपं जायला हवं. इलेक्ट्रिक गाड्यांना चालना देणाऱ्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत केंद्रानं सार्वजनिक चार्जिंगसाठी २००० कोटी रुपये ठेवले आहेत. सार्वजनिक पैशातून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक चार्जरवर अशी अट असावी, असं मागणं काही अवास्तव नाही.

तोपर्यंत जवळचा उपाय आपल्या हातात आहे. ठाणे आणि नवी मुंबईत सोसायट्या, मॉल आणि महापालिका चार्जरसाठी आपली जागा देतात. जागा ज्याची, त्याला अटी घालता येतात. तुमच्या सोसायटीच्या सभेत चार्जरचा विषय निघाला की कमिटीला विचारा: अ‍ॅपशिवाय थेट यूपीआय चालेल का? रिफंड किती दिवसांत आणि कुठे देणार? चार्जर ओसीपीपी पाळतो का? म्हणजे उद्या ही कंपनी पटली नाही तर मशीन तेच ठेवून सेवा दुसऱ्याकडून घेता येईल. आणि तळघरातल्या रेंजचं काय, चार्जरसाठी वायरनं इंटरनेट आणणार का? ही वायर चार्जर बसवतानाच ओढून घेतली तर खर्च थोडक्यात होतो. नंतर भिंती फोडाव्या लागतात, आणि मग ते काम पुढच्या वार्षिक सभेवर जातं.